सड्यावरच्या फुलांसाठी हलका ट्रायपॉड कसा निवडावा

भाद्रपदात कासच्या पठारावर रस्त्यावरून जे रंगांचे सलग पट्टे दिसतात, ते जवळ जाऊन पाहिले की घोट्याएवढ्या रोपांचे निघतात. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांची रोपे वितीच्या आतबाहेरची असतात आणि प्रत्यक्ष फूल अनेकदा करंगळीच्या नखाएवढेच असते. अशा फुलाचे छायाचित्र मनासारखे यायचे असेल तर कॅमेरा त्याच्या उंचीपर्यंत खाली न्यावा लागतो आणि तिथे तो जराही न हलता धरावा लागतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या पठारावर, दुचाकीवरून आणि मग पायी, पाठीवर वागवता येईल असा ट्रायपॉड निवडताना काय पाहावे, हे या लेखात सांगतो. सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जवळून टिपायच्या छायाचित्रणासाठी ट्रायपॉड किती उंच होतो याला फारसे महत्त्व नाही. तो किती खाली बसतो आणि खाली बसल्यावर किती घट्ट राहतो, यावर सगळे काम अवलंबून असते.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. पहिला ट्रायपॉड घेताना दुकानदाराने पाय पूर्ण लांबवून तो माझ्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत उभा करून दाखवला, वजन सव्वा किलो असल्याचे सांगितले आणि तेवढ्यावर मी तो घेऊन आलो. त्याच वर्षी सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे अशा जांभ्याच्या उघड्या पठारावर, गुडघे टेकून बसलो तेव्हा लक्षात आले की पाय पूर्ण मिटवूनही तो ४० सेंटिमीटरच्या खाली येत नाही. त्याचे पाय एकाच कोनात उघडत होते, आणि ते जबरदस्तीने पसरले असते तरी मधला लांब दांडा जमिनीला टेकला असता. माझ्यासमोर दवबिंदूचे १२ सेंटिमीटरचे रोप होते. त्याच्या अरुंद पानांवर तांबूस केस होते, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब होता आणि एका थेंबात एक चिलट अडकून पाय हलवत होते. हे सगळे मला बाजूने, त्या पानाच्या पातळीवरून हवे होते. मिळाले ते वरून डोकावून घेतलेले चित्र, ज्यात पानाच्या मागचा चिखल आणि जांभ्याचे खडे पानाइतकेच ठळक होते.

वरून घेतलेल्या चित्रात असे होते याचे कारण साधे आहे. कॅमेरा वर असला की फुलाच्या मागे लगेचच जमीन येते. कॅमेरा फुलाच्या पातळीवर आला की मागची झाडे, धुके किंवा आभाळ कित्येक मीटर दूर जाते आणि आपोआप विरघळते. त्यात जवळच्या छायाचित्रणात स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली अतिशय कमी असते. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर एकास एक प्रमाणात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढीच उमटत असताना, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/८ इतके लहान ठेवले तरी ही खोली जेमतेम १ मिलिमीटर भरते. शिवाय या प्रमाणाला लेन्समधून येणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपनी, म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत, घटतो, त्यामुळे ढगाळ सकाळी शटरचा वेग फार मंद ठेवावा लागतो. हालचालीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एकास एक प्रमाणात कॅमेरा ०.१ मिलिमीटर जरी सरकला, तरी चित्र सोळा पिक्सेल फरफटते. दूरच्या डोंगराच्या चित्रात जी थरथर कळूनही येत नाही, ती इथे सगळे वाया घालवते.

आता ट्रायपॉड किती खाली जाईल हे कशावर ठरते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे पायांचे कोन. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे निदान तीन टप्प्यांत उघडायला हवा आणि शेवटच्या टप्प्यात तो जवळजवळ आडवा पसरायला हवा. दुसरी आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे मधला दांडा, ज्याला दुकानात सेंटर कॉलम म्हणतात. प्रवासी ट्रायपॉडचे पाय उलटे दुमडून डोक्याभोवती मिटतात, म्हणून तो ३५ ते ४५ सेंटिमीटर लांबीत मावतो. पण अशा घडीसाठी दांडा बऱ्यापैकी लांब ठेवावा लागतो, आणि तोच दांडा पाय आडवे पसरल्यावर जमिनीला अडतो. म्हणून दांड्याचा खालचा भाग पिळून वेगळा होतो का, किंवा त्याच्या जागी आखूड दांडा बसवता येतो का, हे विकत घेण्यापूर्वी हाताने करून पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे डोक्याची, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येणाऱ्या बॉल हेडची, स्वतःची उंची. ती साधारण ८ ते १० सेंटिमीटर असते. खोक्यावर छापलेली किमान उंची हेडसह आहे की हेडशिवाय, हे विचारून घ्यावे, कारण दोन्ही पद्धतींनी आकडे छापले जातात. त्यात कॅमेऱ्याच्या तळापासून लेन्सच्या मध्यापर्यंतचे आणखी ४ ते ५ सेंटिमीटर धरायचे. हेडसह किमान उंची १५ सेंटिमीटर असलेला ट्रायपॉडही लेन्सचा मध्य जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटरवरच ठेवतो, हे लक्षात घेतले की १५ चा आकडा चांगला का आणि ४० चा निरुपयोगी का, हे उघड होते.

याहून खाली जाण्यासाठी दांडा उलटा घालून कॅमेरा पायांच्या मधोमध टांगण्याची सोय अनेक ट्रायपॉडमध्ये असते, आणि विक्रेते ती मोठ्या उत्साहाने दाखवतात. अडीनडीला ती उपयोगी पडते, पण तिच्यावर विसंबून खरेदी करू नये असे माझे मत आहे. कॅमेरा उलटा लटकतो, बटणे उलटी होतात, पायांची सावली फुलावर पडते आणि एक पाय हमखास चौकटीत डोकावतो. दुसरी सोय मधला दांडा आडवा करण्याची. मॅनफ्रोटोच्या १९० मालिकेतील काही ट्रायपॉडमध्ये ती आहे आणि जमिनीलगतच्या कामाला फार चांगली आहे, मात्र असे ट्रायपॉड २ किलोच्या घरात जातात आणि आडव्या दांड्याच्या टोकाला लावलेला कॅमेरा वाऱ्यात डोलतो. ज्यांना गाडी थेट सड्याच्या कडेला नेता येते त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. जो पायी हिंडणार आहे त्याने १ ते दीड किलोच्या आत राहावे. अगदीच जमिनीलगतच्या, बोटभर उंचीच्या रोपांसाठी मी ट्रायपॉड बाजूला ठेवतो आणि मुरमुरे किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी वापरतो; ती रिकामी नेऊन घरचे धान्य भरता येते आणि तिच्यावर कॅमेरा खरोखरच निश्चल बसतो.

हलक्या ट्रायपॉडबद्दल एक सर्वसाधारण शंका घेतली जाते की तो डळमळीत असणारच. उभ्याने काम करताना ती खरी आहे. चार किंवा पाच भागांच्या पायाचा सर्वांत खालचा भाग बोटापेक्षाही बारीक असतो आणि नळीचा व्यास कमी झाला की तिचा ताठरपणा व्यासाच्या मानाने कितीतरी अधिक घटतो. परंतु आपण जमिनीलगत काम करतो तेव्हा हे बारीक भाग वरच्या नळीच्या आत मिटलेले असतात आणि सगळा भार सर्वांत वरच्या, जाड नळीवर येतो. त्यामुळे उभ्याने जो ट्रायपॉड शेपटीसारखा हलतो, तोच खाली बसल्यावर कमालीचा शांत होऊ शकतो. जवळच्या छायाचित्रणासाठी हलका ट्रायपॉड ही तडजोड नसून योग्य निवड ठरू शकते, ती याच कारणाने. म्हणून भागांची संख्या मोजत बसण्यापेक्षा वरच्या नळीचा व्यास पाहावा. २२ मिलिमीटरच्या खाली सहसा जाऊ नये, आणि २५ मिळाला तर उत्तम. पाय आडवे पसरल्यावर सगळा ताण पाय वर जिथे जोडलेले असतात त्या सांध्यांवर येतो, तेव्हा पसरलेल्या अवस्थेत वरून तळहाताने दाबून, सांध्यांत खुळखुळ आहे का, हे तपासावे. पाय ताठ असूनही सांधे सैल असलेले ट्रायपॉड मी पाहिले आहेत, आणि ती खुळखुळ पुढे वाढतच जाते.

कार्बन फायबर घ्यावे की ॲल्युमिनिअम, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि माझ्या मते तो शेवटी विचारायचा आहे. प्रवासी आकारात दोहोंतला फरक साधारण २०० ते ४०० ग्रॅमचा असतो, किंमत मात्र बहुतेकदा दीडपट किंवा त्याहून जास्त होते. कार्बन गंजत नाही आणि कंप लवकर शमवतो, हे खरे आहे. तरी पैसे मर्यादित असतील तर पाय ॲल्युमिनिअमचे घ्यावेत आणि उरलेली रक्कम चांगल्या हेडवर घालावी.

हेडविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या कामात सर्वाधिक मनस्ताप तिथेच होतो. बॉल हेड घट्ट केल्यावर हात काढला की कॅमेरा स्वतःच्या वजनाने किंचित खाली येतो. दूरच्या दृश्यात हे कळत नाही, पण एकास एक प्रमाणात फूल चौकटीच्या मध्यावरून थेट काठाला सरकते. मग आपण अंदाजाने थोडे वर धरून घट्ट करतो, ते जास्त वर राहते, पुन्हा सैल करतो, आणि तोवर फुलावर बसलेली माशी उडून जाते. याची परीक्षा दुकानातच घेता येते. आपला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, सोबत न्यावी, हेडवर बसवून समोर नोट किंवा छापील कागद ठेवावा, शक्य तितके जवळ जाऊन एखादे अक्षर पडद्याच्या मधोमध आणावे, हेड घट्ट करावे आणि हात सोडावा. अक्षर जागचे हलत नसेल, किंवा केसभरच हलत असेल, तर हेड घेण्यासारखे आहे. कॅमेरा एका बाजूला कलवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण उभ्या चौकटीसाठी कॅमेरा बाजूला झुकवला की भार मध्यापासून दूर जातो आणि चांगली वाटणारी हेडसुद्धा घसरतात. उभ्या चौकटीचे काम वारंवार होत असेल तर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा ब्रॅकेट कॅमेऱ्याला लावावा, म्हणजे कॅमेरा नेहमी हेडच्या बरोबर वर राहतो.

कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडच्या चिमट्यात बसवायची पट्टी आर्का-स्विस पद्धतीचीच असावी, म्हणजे पुढे बहुतेक कंपन्यांचे साहित्य तिच्याशी जुळते. हिचा आणखी एक फायदा आहे. जवळच्या कामात फोकसचे वलय फिरवण्यापेक्षा सगळा कॅमेराच एक-दोन मिलिमीटर पुढेमागे सरकवणे सोयीचे पडते, आणि त्यासाठी फोकसिंग रेल नावाचे सरकते साधन मिळते. पण त्याचे वजन काहीशे ग्रॅम असते आणि स्वस्त रेल स्वतःच डुगडुगते. त्याऐवजी १० सेंटिमीटर लांबीची साधी आर्का पट्टी लेन्सच्या दिशेने लावावी, हेडचा चिमटा किंचित सैल करावा, पट्टी हवी तेवढी सरकवावी आणि पुन्हा आवळावे. मिलिमीटरच्या दशांशांत कॅमेरा सरकवत वेगवेगळ्या फोकसची तीस-चाळीस चित्रे घेऊन ती एकत्र जोडणाऱ्यांना रेल लागेलच. बाकीच्यांचे या पट्टीवर भागते.

पायांचे लॉक पिळायचे की खटक्याचे, हा बराचसा सवयीचा भाग आहे. पिळायचे लॉक घडी लहान ठेवतात आणि गवतात अडकत नाहीत. खटक्याचे लॉक बंद आहेत की नाहीत हे नजरेने कळते. आमच्याकडच्या पावसात आणि तांबड्या चिखलात मला पिळायचे बरे वाटतात, कारण ते घरी पूर्ण उघडून धुता येतात. वहनक्षमतेचा खोक्यावरचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नये. सव्वा किलोच्या ट्रायपॉडवर ८ किलो पेलण्याचा दावा असतो, आणि तेवढ्या वजनाने तो मोडणार नाही हे कदाचित खरेही असेल. पण न मोडणे आणि न हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स मिळून साधारण सव्वा ते दीड किलो होतात, तेव्हा निदान त्याच्या तिप्पट वजनाचा दावा असलेला ट्रायपॉड आणि हेड घ्यावेत.

खरेदी झाल्यावर थेट कासला जाऊ नये. घरच्या तुळशीच्या मंजिरीवर किंवा पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर तेरडा फुलतो त्यावर दोन-चार सकाळी सराव करावा, म्हणजे कुठला पाय आधी उघडायचा आणि दांडा किती सेकंदांत निघतो हे हातांना ठाऊक होते. पाय आडवे पसरलेला ट्रायपॉड जमिनीवर हातभराहून अधिक व्यासाची जागा व्यापतो, याची जाणीव याच सरावात येते. १०० मिलिमीटरच्या लेन्सचे तोंड एकास एक प्रमाणात फुलापासून १३ ते १५ सेंटिमीटरवर असते आणि पाय मात्र त्याहून पुढे पोचलेले असतात. म्हणजे टिपायचे फूल दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत आले पाहिजे. नाहीतर ज्याचे चित्र घ्यायला आलो तेच पायाखाली जाते. पश्चिम घाटातील स्थळांच्या मालिकेत कासचा समावेश २०१२ साली जागतिक वारसा यादीत झाला. इथल्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की तुडवलेली जागा पुन्हा भरून यायला वेळ लागतो. तेव्हा ट्रायपॉडचे पाय उघड्या कातळावर किंवा आखलेल्या वाटेवरच टेकवावेत, तिथून जेवढे फूल मिळेल तेवढेच घ्यावे, आणि हंगामात प्रवेशाचे व साहित्याचे जे नियम लागू असतील ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. लोखंडी अणकुचीदार टोके सड्यावर वापरू नयेत. जमिनीखाली कंद असतात आणि कातळावर रबराचे तळवेच अधिक चांगले धरतात. फूल स्थिर राहावे म्हणून देठाला चिमटा लावण्याची युक्ती आपल्या बागेतल्या झाडांपुरती ठेवावी.

साचलेल्या उथळ पाण्यात उगवणाऱ्या वनस्पतींसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. वायतुरा ही वनस्पती सातारा परिसरातल्या सड्यांवर अशा पाण्यात उगवते. तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे आणि १९८२ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. दोन फाट्यांचा तिचा तुरा पाण्याच्या वर येतो, आणि तो टिपण्यासाठी एखादा पाय पाण्याखालच्या उघड्या कातळावर टेकवावाच लागतो. अशा वेळी एक पाय लांब आणि दोन आखूड ठेवावे लागतात, म्हणून पाय स्वतंत्र कोनांत उघडण्याची अट मी वर इतक्या आग्रहाने घातली. पाण्यात जाणाऱ्या पायाचा सर्वांत खालचा भाग आधी थोडा बाहेर काढून आवळावा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहते.

वारा हा या पठारावरचा खरा अडसर आहे आणि कोणताही ट्रायपॉड फुलाचे हलणे थांबवू शकत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास बहुधा सर्वांत शांत मिळतो. छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली तरी बराच फरक पडतो. ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची असेल तर ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी अडकवावी, कारण अधांतरी पिशवी वाऱ्याने झुलते आणि तीच कंप निर्माण करते. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने सोडावे, दांडा शक्यतो वर काढूच नये, आणि आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात आरसा आधी उचलण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

परत आल्यावर थकवा असला तरी ट्रायपॉड त्याच संध्याकाळी धुवावा. जांभ्याची बारीक रेती आट्यांमध्ये बसली की लॉक किरकिरू लागते आणि पुढे नळी आत-बाहेर सरकताना ओरखडे पडतात. पायांचे सगळे भाग ओढून वेगळे करावेत, साध्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुठल्या खाचेत बसतात ते नीट पाहून ठेवावे, आणि रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी आट्यांना किंचित ग्रीस लावून पुन्हा जोडावे. ओला ट्रायपॉड पिशवीत मिटून ठेवू नये. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत त्यावर बुरशी धरते.